पुण्याच्या उन्हात थंड प्रदेशाच्या वळणाची सोव्हिन्यों ब्लां : नव्याने शिकणाऱ्यांसाठी, बागेपासून बाटलीपर्यंत

सोव्हिन्यों ब्लां, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, करायला शिकणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो की यीस्ट कुठलं घ्यायचं. माझ्या मते तो प्रश्न पाचव्या नंबरला यायला पाहिजे. त्याच्या आधी द्राक्ष कोणत्या तारखेला तोडलं, किती वाजता तोडलं, तोडल्यापासून प्रेसपर्यंत (रस पिळायच्या यंत्रापर्यंत) ते किती तापलं आणि रसाला हवा किती लागली हे चार प्रश्न आहेत, आणि हे चार चुकले तर जगातलं कुठलंही यीस्ट आणून ओता, बाटलीत वास येत नाही म्हणजे नाही. मी पुणे जिल्ह्यातच एका छोट्या वायनरीत सेलरचं, म्हणजे वाइन आंबवायच्या-साठवायच्या खोलीचं, काम बघतो, दर हंगामाला कॉलेजची नवीन मुलंमुली येतात, काही बागायतदारांच्या घरचेही असतात, त्यांना जे तोंडी सांगत असतो तेच इथे ओळीने लिहितोय. आकडे सगळे शंभर लिटर रसाच्या हिशोबाने दिलेत म्हणजे कमीजास्त करायला सोपं जाईल.

कायद्याचं आधी सांगतो. महाराष्ट्रात परवाना नसताना वाइन बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, विकली नाही फक्त घरापुरती केली तरीसुद्धा. त्यामुळे हे सगळं वायनरीत, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा परवाना असलेल्याच्या जागेत करायचं, आणि स्वतःचं काही काढायचं असेल तर आधी राज्य उत्पादन शुल्क खात्याची पायरी चढायची. शिकायला पुण्यात जागा कमी नाहीत, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून, आणि मांजरीलाच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइनचं शिक्षणही मिळतं.

थंड प्रदेशाची चव म्हणजे नक्की काय

हे द्राक्ष मूळचं फ्रान्सचं. लुआर नदीच्या खोऱ्यातली सांसेर आणि पुयी-फ्युमे ही त्याची जुनी नावाजलेली ठिकाणं, पण आज बहुतेक लोकांना त्याची ओळख झाली ती न्यूझीलंडच्या मार्लबरोमुळे, तिथे १९७५ च्या सुमारास पहिली सोव्हिन्यों लावली आणि पंधरा-वीस वर्षांत जगभर नाव झालं. मार्लबरोचा भर उन्हाळ्यातला दिवस चोवीस-पंचवीस डिग्रीचा असतो, म्हणजे आपल्या जानेवारीच्या दुपारपेक्षासुद्धा गार. त्या गारव्यात मणी सावकाश पिकतो आणि तीन गोष्टी टिकून राहतात.

पहिली आंबटपणा. द्राक्षात मुख्य दोन आम्लं, टार्टारिक आणि मॅलिक, त्यातलं मॅलिक वेल स्वतःच उष्णतेत खर्चून टाकते, टार्टारिक बऱ्यापैकी राहतं. गार हवेत मॅलिक शिल्लक राहतं म्हणून ती वाइन जिभेच्या कडेला चरचरते. दुसरी गोष्ट म्हणजे पायराझिन नावाची संयुगं, ढोबळी मिरची, कापलेलं गवत, टोमॅटोचा पाला चुरगळल्यावर येतो तो वास. हे इतकं जहाल आहे की एका लिटर पाण्यात दोन नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ऊन आणि पिकणं ह्या दोन्हीने ते कमी होतं. तिसरी गोष्ट थायॉल, ह्यांच्यामुळे पपनस, पॅशन फ्रूट, पिकलेल्या पेरूचा वास येतो. गंमत अशी की द्राक्ष खाल्लं तर हा वास फारसा लागतच नाही कारण मण्यात थायॉल बांधलेल्या अवस्थेत असतात, फर्मेंटेशनमध्ये, म्हणजे रस आंबताना, यीस्ट त्यांना सोडवतं. बोर्डोच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात हे उलगडून दाखवलं आणि त्यानंतर सोव्हिन्यों करायची पद्धतच बदलली.

आता आपल्याकडे हवामान तर बदलता येत नाही. पायराझिन आपल्याकडे कमीच राहणार हे मान्य करून टाका, त्याच्या मागे लागून कच्चं द्राक्ष तोडू नका, त्याने वाइन हिरवी लागत नाही, कडवट आणि पोकळ लागते. पण आम्ल आणि थायॉल ह्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत, आणि दोघांचे शत्रू तेच आहेत, उष्णता आणि ऑक्सिजन. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते.

बाग आणि द्राक्ष

मार्केट यार्डातली थॉमसन, सोनाका आणून ही वाइन होत नाही हे स्पष्टच सांगतो. ती खायची द्राक्षं आहेत, मणी फुगवायला जीए (जिबरेलिक अॅसिड हे वाढीचं संजीवक) दिलेलं असतं, आम्ल कमी आणि वास जवळपास नाहीच. सोव्हिन्यों ब्लां हीच जात पाहिजे, आणि ती नाशिक बाजूला दिंडोरी-निफाडला, सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे वगैरे बागायतदार वायनरीशी करार करून लावतात. मणी छोटा, घड गच्च, साल पातळ, त्यामुळे गुच्छाच्या आत एक मणी फुटला की सड सगळ्या घडात पसरते.

आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि पावसाळा सरताना गोडी, म्हणजे फळासाठीची, छाटणी. वाइनसाठी गोडी छाटणी अशा बेताने धरा की मण्यात पाणी उतरण्याची (मणी मऊ पडून पिकायला लागण्याची) अवस्था डिसेंबरअखेर ते जानेवारीत येईल, म्हणजे पिकण्याचे शेवटचे आठवडे थंडीत जातील, रात्री दहा-बारा डिग्री असताना. उशीर केला आणि फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये गेलात तर साखर आठवड्यात पळते आणि आम्ल कोसळतं, मग लॅबमध्ये कितीही टार्टारिक टाका, ती मजा नाही.

पानांचं सांगायचं तर घडाच्या भागात सकाळच्या उन्हाच्या बाजूची थोडी पानं काढा, हवा खेळली की भुरी आणि सड कमी. दुपारच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला हात लावू नका, तिथे पान म्हणजे घडाची सावली आहे.

आणि फवारणी. ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतो. डाउनी ह्या बुरशीच्या रोगासाठी आपण बोर्डो मिश्रण मारतो, मोरचूद आणि चुना, पण तांबं आणि थायॉल ह्यांचं वैर आहे, रसात तांबं उतरलं की ते थायॉलला धरून बसतं आणि वास गेला. मण्यात पाणी उतरायला लागल्यावर तांब्याची कुठलीही फवारणी नको, हे बागायतदाराशी छाटणीच्या वेळीच बोलून ठेवा, तोडणीच्या आठवड्यात बोलून काही उपयोग नाही.

तोडणी

ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, प्रत्येक बागायतदाराकडे असतं आणि सगळे ब्रिक्सवरच भांडतात, पण ह्या वाइनला ब्रिक्स हा तीनपैकी एकच आकडा. पाहिजे ते असं, ब्रिक्स साडेवीस ते साडेएकवीस, पीएच (जितका कमी तितका रस आंबट) ३.१ ते ३.३, आणि एकूण आम्लता लिटरला सात-आठ ग्रॅम. एकवीस ब्रिक्सला साधारण बारा टक्के अल्कोहोल पडतं, तेवढं पुरे.

नमुना घेताना एकाच घडाचे वरचे गोड मणी खुडून आणू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, वरून-खालून-मधून, सावलीतले-उन्हातले असे शे-दोनशे मणी पिशवीत घ्या, चुरडा, त्याचा रस मोजा. आणि मोजायच्या आधी खा. मणी तोंडात फोडायचा, आधी गर, मग साल वेगळी चावायची, मग बी हातावर काढून बघायची. बी अजून हिरवी असेल आणि साल चावताना तोंड आवळत असेल तर थांबा. साल चावल्यावर शेवटी पपनसाची किंवा पेरूची हलकीशी चाहूल लागायला लागली, बी तपकिरी झाली आणि तरी गर चांगला आंबट आहे, की दिवस ठरवा. ती वेळ आपल्याकडे फार थोडे दिवस राहते, मार्लबरोत जे दोन-तीन आठवड्यांत घडतं ते इथे चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून टोळी, गाडी, प्रेस सगळं आधीपासून तयार पाहिजे.

जमत असेल तर एकाच बागेतून दोनदा तोडा, थोडा माल एकोणीस-साडेएकोणीस ब्रिक्सला आणि बाकीचा एकवीसच्या पुढे, दोन्हीची वाइन वेगळी करून शेवटी मिसळा. पहिल्यातून धार येते, दुसऱ्यातून अंग आणि फळाचा वास. उष्ण प्रदेशात हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे असं माझं ठाम मत आहे, टार्टारिकच्या पोत्यापेक्षा कितीतरी चांगला.

तोडणी पहाटेच. डोक्याला टॉर्च बांधून तीन-साडेतीनला सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत, सात-साडेसातला थांबायचं, राहिलेलं उद्या. पहाटेचा घड बारा-तेरा डिग्रीचा असतो आणि दुपारचा अठ्ठावीस-तीसचा, आणि उष्णतेत रस काळवंडण्याची प्रक्रिया कितीतरी वेगात होते. क्रेट शिगोशीग भरू नका, खालचे घड दबून रस सुटतो आणि तो रस वाटेत आंबायला लागतो. खायच्या द्राक्षाच्या निर्यातीमुळे आपल्याकडे नाशिक-नारायणगाव पट्ट्यात पॅकहाउस आणि प्रीकूलिंगची, म्हणजे माल झटपट गार करायची, सोय आहे, ती वापरा, क्रेट सरळ प्रीकूलिंगला लावून पाच डिग्रीपर्यंत आणा आणि मगच प्रेसला न्या. युरोपातल्या कितीतरी लहान वायनऱ्यांकडे ही सोय नसते, आपल्याकडे शेजारच्या गावात आहे.

प्रेस

भांडी, पाइप, टाकी धुवायला ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरिन असलेलं काहीही वापरायचं नाही, त्याने पुढे बुरशीचा ओला पुठ्ठ्यासारखा वास येऊ शकतो. धुण्याच्या सोड्याने धुवा, पाण्याने खळखळून घ्या, मग सायट्रिक आणि केएमएसच्या पाण्याने शेवटचा हात. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घरोघरी सरबत टिकवायला वापरतात तेच, त्याच्या वजनाच्या साधारण सत्तावन्न टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. पावडर तोंडाजवळ नेऊन हुंगायची नाही, दमा असलेल्याने तर हे काम घेऊच नये.

खराब घड टेबलावरच बाजूला काढा. शंभर किलो द्राक्षाला सहा ग्रॅमच्या आसपास केएमएस थोड्या पाण्यात विरघळवून शिंपडा, साल फुटते त्याच क्षणी ते तिथे असलं पाहिजे. मग देठ काढून मणी हलके फोडायचे. सालीत थायॉलचा कच्चा माल असतो, म्हणून चार ते सहा तास आठ-दहा डिग्रीला साल आणि रस एकत्र ठेवतात. पण सालीतून पोटॅशियमही येतं, त्याने पीएच चढतो, आणि आपल्या द्राक्षात तो आधीच चढलेला असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी अर्धा माल थेट प्रेसला घाला आणि अर्ध्यालाच हा वेळ द्या, फरक स्वतः चाखून कळेल. गार ठेवायची सोय नसेल तर हा प्रकार करूच नका.

प्रेस करताना दाब हळूहळू वाढवायचा. आधी जो आपोआप गळतो तो सगळ्यात चांगला रस, मग हलक्या दाबाचा, आणि एक बार (दाबाचं माप) च्या आसपास पोचलात की नळाखाली ग्लास धरून दर दोन मिनिटांनी चाखायचं. चव गोड-आंबटवरून सपाट आणि कडसर व्हायला लागली की तिथून पुढचा रस वेगळ्या भांड्यात. शंभर किलोला साठ-पासष्ट लिटर रस मिळतो, शेवटचे पाच लिटर मिळवायच्या नादात बाकीचे साठ बिघडवू नका.

नवीन मुलांना मी एक प्रयोग करून दाखवतो तो तुम्हीही करा. प्रेसमधून दोन ग्लास रस घ्या, एकात केएमएसचा चिमूटभर कण टाका, दुसऱ्यात काहीच नको, दोन्ही टेबलावर ठेवून द्या. काहीच न टाकलेला चिरलेल्या वांग्यासारखा तुमच्या डोळ्यांदेखत काळवंडत जातो, आधी कडेने पिवळा, मग तपकिरी, आणि नाकाला लावला तर पेरूचा वास जाऊन उकडलेल्या सफरचंदाकडे गेलेला असतो. दुसरा हिरवट राहतो. हे बघितल्यावर हवेबद्दल वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही. म्हणूनच रस ज्या टाकीत जातो तिच्या तळाशी आधीच कोरडा बर्फ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून ठेवायचा, आणि पाइपचं तोंड रसाच्या खाली बुडलेलं ठेवायचं, वरून धबधबा नको.

निवळणं आणि आंबटपणा

रसात पेक्टिन असतं, ते तोडायला पेक्टिनेज एन्झाइम टाका, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. सहा-आठ डिग्रीला चोवीस ते छत्तीस तास टाकी हलवायची नाही. वरचा रस काढून घ्यायचा आणि खालचा गाळ मागे ठेवायचा. अगदी काचेसारखा स्वच्छ रस नको, ग्लासमधून पलीकडची बोटं दिसावीत पण नखं ओळखू येऊ नयेत, इतपत गढूळ बरा. फार निवळला तर यीस्टला खायला मिळत नाही आणि फर्मेंटेशन मध्येच अडकतं, फार गढूळ राहिला तर सडक्या वासाची सुरुवात तिथेच होते.

आता पीएच पुन्हा मोजा. ३.३ च्या वर असेल तर टार्टारिक अॅसिड आत्ताच, फर्मेंटेशनच्या आधी. लिटरला एक ग्रॅम टाकलं की पीएच अंदाजे ०.१ ने उतरतो, म्हणजे शंभर लिटरला शंभर ग्रॅम, पण हा फक्त अंदाज, आधी अर्ध्या लिटरच्या नमुन्यावर करून बघा. आणि नुसत्या मीटरवर जाऊ नका, चाखा, लिटरला दोन ग्रॅमच्या पुढे गेलात तर टार्टारिकची वेगळी कडक चव पुढे येऊन बसते.

यीस्ट आणि फर्मेंटेशन

आता कुठे यीस्टचा नंबर. थायॉल सोडवण्यात सगळी यीस्ट सारखी नसतात. व्हीएल-३, एक्स-५, व्हिन-७ ही त्यासाठी निवडलेली, क्यूए-२३ जरा सोपं आणि समजूतदार, ईसी-१११८ कधी अडत नाही पण वासाला साधं. पहिल्यांदा करत असाल तर क्यूए-२३ किंवा एक्स-५ घ्या.

शंभर लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम. त्याच्या दहापट कोमट पाणी, साधारण सदतीस डिग्री, त्यावर यीस्ट भुरभुरा, वीस मिनिटं द्या, फेस धरतो. मग थंड रस थोडा थोडा त्यात घालत तापमान खाली आणा, कारण सदतीसवरून एकदम बारा डिग्रीच्या टाकीत ओतलं तर अर्धी यीस्ट तिथेच मरते. ओतताना दोघांतला फरक दहा डिग्रीपेक्षा कमी पाहिजे.

यीस्टला नायट्रोजन लागतो. लॅबमध्ये मोजून घ्या, लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असला की चालतं. कमी असेल तर सुरुवातीला यीस्टपासूनच बनवलेलं सेंद्रिय न्यूट्रियंट द्या आणि एक तृतीयांश साखर संपल्यावर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), शंभर लिटरला दहा-पंधरा ग्रॅम. अगदी पहिल्या दिवशी डीएपी ओतलं तर यीस्ट त्यावरच ताव मारतं आणि थायॉलच्या कच्च्या मालाकडे बघत नाही. आणि हे डीएपी फूड ग्रेडचंच, शेतात टाकायच्या खताच्या गोणीतलं अजिबात नाही, बागायतदारांच्या मुलांना हे मी दोनदा सांगतो.

तापमान हा ह्या सगळ्याचा गाभा. पहिले दोन-तीन दिवस सोळा-अठरा डिग्री, थायॉल सुटायला तेवढी ऊब मदत करते, मग हळूहळू तेरा-चौदावर आणून शेवटपर्यंत तिथेच. फेब्रुवारीत पुण्यात दुपारी बत्तीसच्या वर जातं आणि यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, त्यामुळे टाकीला जॅकेट आणि चिलर पाहिजेच. लॅबमध्ये वीस-पन्नास लिटरचा नमुना करत असाल तर जुना फ्रिज आणि बाहेरून लावलेला टेंपरेचर कंट्रोलर एवढ्यात काम होतं, प्रोब मात्र भांड्याच्या आत रसात सोडा, फ्रिजच्या हवेत नाही, आत आणि बाहेर चार-पाच डिग्रीचा फरक सहज पडतो.

रोज सकाळ-संध्याकाळ घनता लिहा. एकवीस ब्रिक्सचा रस १.०८८ वर सुरू होतो. ब्रिक्स मीटर आता बाजूला ठेवा कारण अल्कोहोल झालं की ते चुकीचं दाखवतं, काचेचं हायड्रोमीटर वापरा. रोज ब्रिक्सच्या हिशोबाने एक-दीड उतरायला पाहिजे, दोन ते तीन आठवडे लागतात. त्याहून जोरात पळत असेल तर एखादा डिग्री खाली या, वास बुडबुड्यांबरोबर खोलीत उडून जातोय. सेलरमध्ये पपनसाचा घमघमाट सुटला की नवीन मुलं खूष होतात, मी तापमान बघायला जातो.

कुजक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. साखर अर्ध्याच्या वर शिल्लक असेल तर न्यूट्रियंट द्या आणि हलकं ढवळा, बहुतेक वेळा जातो. शेवटी तांब्याचं द्रावण टाकून घालवायची पद्धत आहे, पण त्याच्याबरोबर थायॉलही जातात हे वर सांगितलंच.

जिवाची गोष्ट आहे ती इथेच. एका लिटर रसातून चाळीस-पन्नास लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जड असतो आणि खाली साचतो. खोलीला खालच्या बाजूने हवा जायला वाट पाहिजे, एकट्याने रात्री सेलरमध्ये थांबू नये, आणि रिकाम्या झालेल्या टाकीत डोकं घालून बघायचं नाही, कितीही घाई असली तरी.

थांबवणं, गाळ, स्थिर करणं

घनता ०.९९२ च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस हलली नाही की वाइन कोरडी झाली, म्हणजे साखर संपली. लिटरला तीन-चार ग्रॅम साखर राहिली तरी चालतं, मार्लबरोच्या बऱ्याच वाइनमध्ये तेवढी असते आणि आंबटपणाला गोलाई येते, पण मग बाटली भरताना गाळण कडक लागतं.

लगेच शंभर लिटरला आठ-नऊ ग्रॅम केएमएस आणि तापमान दहाच्या खाली. उशीर केलात तर बॅक्टेरिया मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करून टाकतात, लोण्याचा वास येतो, शार्डने ह्या दुसऱ्या पांढऱ्या वाइनला तो शोभतो, इथे नको. आपल्या द्राक्षात मॅलिक मुळात थोडंच उरलेलं, ते जपायचंय.

जाड गाळ खाली बसला की वाइन दुसऱ्या टाकीत. बारीक गाळावर महिना-दीड महिना राहू द्या, आठवड्यातून एकदा हळू ढवळा, तो गाळ हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि वाइनला थोडं अंगही देतो. टाकी गळ्यापर्यंत भरलेली पाहिजे, रिकामी जागा राहत असेल तर नायट्रोजन किंवा आर्गॉनने भरा.

सोव्हिन्योंमध्ये प्रथिनं भरपूर, आणि बाटली उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर तापली की ही प्रथिनं गुठळतात, वाइन धुरकट होते. म्हणून बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची माती, गरम पाण्यात रात्रभर फुगवून घालतात. किती घालायचं हे कुणाला विचारू नका, पाच बाटल्यांत चाळीस, साठ, ऐंशी, शंभर, एकशेवीस ग्रॅम प्रतिशंभर लिटर अशा मापाने करून बघा, गाळून, ऐंशी डिग्रीला दोन तास तापवा, गार करा, आणि अंधारात मोबाइलचा टॉर्च मागून मारा. प्रकाशाचा पट्टा ज्या बाटलीत दिसत नाही त्यातलं सगळ्यात कमी माप घ्यायचं. जास्त घातलं तर वासही मातीबरोबर तळाला जातो.

त्यानंतर उणे तीन डिग्रीला आठ-दहा दिवस, टार्टारिकचे खडे टाकीच्या अंगाला बसतात. हे केलं नाही तर ते ग्राहकाच्या फ्रिजमध्ये बाटलीत पडतात, अपाय काही नाही पण लोकांना काच वाटते आणि बाटली परत येते.

बाटली

भरायच्या आधी मोकळा, म्हणजे वाइनमध्ये कशाला बांधला न गेलेला, सल्फर डायऑक्साइड मोजा. पीएच ३.२ ला लिटरला वीस-बावीस मिलिग्रॅम पुरतात आणि ३.५ ला तेवढ्याच संरक्षणाला चाळीसच्या वर लागतात, पीएचसाठी एवढा आटापिटा का केला ते इथे कळतं. भरल्यावर थोडा खर्ची पडतो म्हणून मी तीसच्या आसपास ठेवतो. ०.४५ मायक्रॉनचं गाळण, बाटलीत आधी नायट्रोजन, मग वाइन, आणि लगेच झाकण.

झाकण स्क्रू कॅपच. न्यूझीलंडच्या वायनऱ्यांनी २००१ मध्ये एकत्र येऊन ह्याचा पुरस्कार केला तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती, आज तिथे जवळपास सगळ्या बाटल्यांना तेच आहे. बुचाचा वास लागायची भीती नाही, हवा कमी जाते. बाटली हिरव्या काचेची घ्या, पांढऱ्या काचेत वाइन सुंदर दिसते खरी पण ट्यूबलाइटखाली महिनाभर उभी राहिली की वास बिघडतो.

आणि साठवण. पपनस-पॅशन फ्रूटचा जो सगळ्यात मोहक वास आहे त्याचं संयुग उष्णतेत मोडतं, तीस डिग्रीला काही महिन्यांत जवळपास संपतं. पुण्याचा एप्रिल-मे अडतीस-चाळीसचा, त्यामुळे माल बारा-चौदा डिग्रीच्या खोलीत, डिलिव्हरी सकाळी किंवा संध्याकाळी, आणि ज्या दुकानात एसी नाही आणि फ्रिजही नाही तिथे उन्हाळ्यात ही वाइन द्यायचीच नाही असं मी मालकांनाही सांगतो. वर्ष-दीड वर्षात पिऊन टाकायची वाइन आहे, आठ-दहा डिग्रीला.

डझनभर बाटल्या स्वतःकडे गार ठेवा आणि दोन-दोन महिन्यांनी एक उघडा, वास, आंबटपणा, मोकळा सल्फर, रंग, सगळं तारखेसकट वहीत. दोनदा तोडणी केली असेल तर कुठल्या मालाचा वास जास्त टिकला तेही लिहा. ती वही ऑगस्टअखेर बागायतदाराच्या घरी घेऊन जा, गोडी छाटणीची तारीख आणि मोरचुदाची शेवटची फवारणी दोन्ही तिथेच बसून ठरवायच्या असतात.